आदेश निघाला का?

“सुरेखाताई, आता रक्त न्यायला येऊ नका.”

फोन गौराचा होता. गौरा म्हणजे महादेवीची भावजय. मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. समोर एक आजोबा बाही वर करून बसले होते. त्यांचं रक्त घेतलं, कापूस लावला, ‘दाबून धरा’ म्हटलं, आणि मग कुठं गौराचं बोलणं माझ्या आत पोचलं… सोलापुरात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. गेले कित्येक महिने महादेवीच्या रक्ताचा नमुना माझ्याकडंच यायचा आणि रिपोर्टवर सही माझीच असायची. त्यामुळं मला कुणी अंधारात ठेवलं होतं असं नाही. किडन्या ऐकत नव्हत्या, डायलिसिसवर दिवस ढकलणं चाललं होतं, आणि दर खेपेला आकडे आदल्या खेपेपेक्षा वाईट असायचे. मी त्या आकड्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे आणि सही करायचे. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. आजोबा बिचारे कापूस दाबून बसले होते, “बाई, सोडू का आता?” असं त्यांनी दोनदा विचारलं म्हणे.

संध्याकाळपर्यंत आमच्या शिबिराच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला. कुणी हलणारी समई टाकली, कुणी गुलाबाच्या पाकळ्या. मला इतका राग आला म्हणून सांगू! लोकांचा दोष नव्हता, दुसरं काय करणार माणसं? पण महादेवीला ते जोडलेले हात अजिबात खपायचे नाहीत. साध्या ‘सुप्रभात’च्या खाली कुणी हात जोडले तरी तिचा ठसका ठरलेला असायचा, “उठसूट हात काय जोडायलाय? देवळात हाय का आपण?” ग्रुपवर त्या दिवशी शेकड्यानं हात जुळले आणि त्यांना रागवायला कुणी नव्हतं. मी फोन बंद करून टाकला.

आता हे शिबिर काय ते सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात शिक्षण खात्यातर्फे मे महिन्याच्या सुट्टीत एक निवासी शिबिर भरतं. गावोगावच्या सरकारी शाळांतल्या सातवीच्या पोरांची परीक्षा घ्यायची, जी चमकतील ती निवडायची आणि सोलापुरात आणून गणित, विज्ञान, वाचन, प्रयोग असं सगळं त्यांच्यापुढं मांडायचं. राहणं, जेवणं, वह्या, येण्याजाण्याची एसटी, सगळं सरकारचं. आमच्या मोहोळकडच्या गावात त्याला ‘हुशार पोरांचं शिबिर’ म्हणायचे. माझा नंबर लागला तेव्हा आमच्या वडलांना ते काही केल्या पटेना. “हुशार हाय तर आनि शिकवायचं कशाला? जी ढ हायत त्यास्नी न्या की!” हेडमास्तरांनी घरी येऊन, चहाचे दोन कप पिऊन, कशीबशी समजूत घातली तेव्हा कुठं माझी पेटी एसटीच्या टपावर चढली.

तिथं आल्यावर पहिला साक्षात्कार झाला तो हा की, आपापल्या गावात आम्ही सगळे पहिले होतो आणि इथं पहिल्यांचीच गर्दी होती. पहिले दोन दिवस सगळ्यांची तोंडं पडलेली. माझ्या शेजारच्या गादीवर अक्कलकोटच्या पलीकडच्या, अगदी सीमेवरच्या गावातली एक मुलगी होती. काळीसावळी, तेलानं चप्प बसवलेली वेणी, कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा. हीच महादेवी. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि आमच्याशी बोलताना दोन्हींची मिसळ. तोंडी हिशेब सुरू झाले की तिचे ओठ हलायचे, “ओंदु, एरडु, मूरु…” आणि आम्ही मुली फिदीफिदी हसायचो. देशमाने सर गणित शिकवायला होते. त्यांनी फळ्याकडं तोंड असतानाच विचारलं, “हसताय काय? तिचं उत्तर तुमच्या आधी आलंय. उद्या सगळ्यांनी कानडीत वीसपर्यंत म्हणून दाखवायचं.” मग काय, रात्री जेवताना सगळी पंगत महादेवीच्या मागं लागली. मी तर अजूनही लॅबमध्ये नमुन्याच्या बाटल्या मोजते त्या ओंदु, एरडु करतच. माझ्याकडच्या मुली मला हसतात, हसू देत.

शिबिर संपायच्या दिवशी पालक न्यायला आले. महादेवीला न्यायला तिचे मामा आले ते भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन. पोतं सरांच्या पायाशी टेकवलं, फेट्याचं टोक पुढं घेऊन हात जोडले आणि म्हणाले, “सर, लई उपकार झाले तुमचे.” सर दोन पावलं मागं सरकले. “माझे कसले उपकार? मला पगार आहे. शिबिर सरकारचं आहे, आणि सरकार कुणाचं? तुमचंच ना? आपल्याच घरी जेवून कुणी उपकार मानतं का?” मामांना वाटलं हा माणूस आपली वस्तू नाकारतोय. चांगलेच घुश्शात आले. “न्हाय घेत व्हय? मग काय आमी परत डोक्यावर घिऊन जाऊ?” सर हुशार. त्यांनी पोतं स्वयंपाकघरात नेलं, मोठ्या कढईत शेंगा भाजायला लावल्या, आणि पोरं, पालक, स्वयंपाकाच्या बाया, स्वतः मामा, सगळ्यांनी व्हरांड्यात बसून गुळाबरोबर फस्त केल्या. आमच्या लक्षात शेंगांची चव राहिली. महादेवीच्या मनात सरांचं ते वाक्य जे रुतलं ते कायमचं.

पुढं आमच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी मैत्री सुटली नाही. मी या लॅबच्या धंद्यात पडले, ती पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाली. सरकारी कागद कुठं चालतो, कुठं बसतो आणि कुणाच्या टेबलावर घोरतो, हे तिला तोंडपाठ. लग्न केलं नाही. भाऊ-भावजयीकडं राहायची, भाच्यांची अक्का झाली, आणि मग शिबिरातल्या पोरांचीही अक्काच झाली. मी कधीमधी छेडायचे, “का गं, एकही पसंत पडला नाही?” तर म्हणायची, “मुहूर्त मे महिन्यात असतात, शिबिर बी मे महिन्यात असतंय. जमंना की!” आणि स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतःच हसायची.

शिबिरातून गेलेली पोरं मोठी झाल्यावर परत यायला लागली त्याची सुरुवात तिनंच केली. पण येणाऱ्यांसाठी तिचे नियम कडक. स्टेजवर बसायचं नाही, भाषण ठोकायचं नाही, ‘मी गरिबीतून कसा वर आलो’ हे सांगायचं नाही. “पोरं बी तिथूनच आलेत, त्यांना काय नवं सांगायलायस?” यायचं तर काम करायचं. आमच्यातला एक मोठा साहेब झालेला, त्याला तिनं पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरवलं. मी मायक्रोस्कोप घेऊन जायचे. तलावाच्या पाण्याचा थेंब दाखवला तेव्हा सांगोल्याकडचा एक पोरगा डोळा न काढता म्हणाला, “बाई, ह्ये आमी पितो व्हय?” आणि महादेवी स्वतः पोरांना भर उन्हात वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीखाली उभी करायची. टाकी किती उंच? आधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा. मग सावली मोजा, काठी मोजा, हिशेब मांडा. उत्तर ती कधीच सांगायची नाही. बरोबर आलं तरी नाही. पोरं मागं लागायची, “अक्का, सांगा की, बरोबर हाय का?” तर म्हणायची, “टाकी तिथंच हाय, मी इथंच हाय, तूच बघ की परत.” मी एकदा वैतागून म्हटलं, अगं, सांगून टाक की बाई, उन्हानं चक्कर येईल लेकरांना! तर मलाच टोपी आणायला पिटाळलं.

आणि मग ते वर्ष आलं. खात्याचा आदेश काही निघेना. परीक्षा झालेली, मुलं निवडलेली, मे उजाडत आलेला, आणि वरून तरतुदीचा पत्ता नाही. ग्रुपवर विनायकनं लिहिलं, “काळजी नको, करू आपण.” विनायक आमच्याच बॅचचा, पुण्यात त्याचा यंत्रांचे सुटे भाग करायचा कारखाना आहे. मग काय विचारता! शेवटी आम्ही सगळी हुशार पोरं ती. कुणी जेवण अंगावर घेतलं, कुणी गाद्या, कुणी कूलर, अमेरिकेतल्या एकानं वह्या-पुस्तकं. दोन दिवसांत शिबिर उभं. इतकं देखणं शिबिर कधी झालं नव्हतं. थंडगार खोल्या, पंगतीला श्रीखंड, पोरांना एकसारखे टी-शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव. खात्यातले साहेब समारोपाला आले आणि आमचं तोंड भरून कौतुक करून गेले. आम्ही सगळे खूश. महादेवीसुद्धा राबत होती त्यात, खोटं कशाला सांगू. शेवटच्या दिवशी मात्र एका पोराच्या आईनं विनायकच्या पाया पडायला वाकून पदर पसरला, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. कुणी कानफटात मारल्यासारखा झाला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा आदेश नाही. ती ऑफिसात चौकशीला गेली. तिथले कारकून भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि निरागसपणे म्हणाले, “मॅडम, तुमचं तर झकास चाललंय की! माजी विद्यार्थी समर्थ आहेत, तरतुदीची गरज नाही, असंच वर कळवलंय.” बाहेर आल्यावर तिनं मला फोन केला. हसत होती, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “सुरे, आपण काय केलं कळलं का? आपली खोडच ती. पेपर दिसला की सोडवायचा. पेपर कुणाचा हाय ते बघितलंच न्हाय. सरकारचा पेपर आपण सोडवून दिला आनि सरकार वर्गातनं उठून गेलं.”

रविवारी माझ्या लॅबच्या वेटिंग रूममध्ये बैठक भरली. विनायक पुण्याहून गाडी घेऊन आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. सरकारच्या नादाला कशाला लागायचं? ट्रस्ट करू, आपणच चालवू, आपल्याला काय कमी आहे? विनायकबद्दल एक सांगते, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक समजाल. त्याला फळ्यावरचं दिसत नाही हे त्याच्या शाळेत कधी कुणाला कळलंच नव्हतं. शिबिरातल्या तपासणीत कळलं, आणि त्याच्या आयुष्यातला पहिला चष्मा सरकारी होता. त्या चष्म्याचं ऋण त्याला फेडायचं होतं, आणि ते फेडताना त्याला आनंद होत होता. त्यात वाईट काय? बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं तर पुढं जाऊन सुचवलं, आपल्या मुलांसाठीही दोन-चार जागा ठेवू, त्यांनाही जरा जग कळेल.

मग महादेवी म्हणाली, “झालं सगळ्यांचं? आता ऐका. आज विनायकचा कारखाना चालतोय म्हणून शिबिर चालंल. उद्या न्हाय चालला, न्हायतर त्याचं मन उठलं, तर पोरानं कुठं जाऊन विचारायचं? सरकारच्या दारात विचारता येतंय, भांडता येतंय. दान देणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, सांगा बरं मला? त्याच्या तर पाया पडावं लागतंय.” विनायक लालबुंद झाला. ती थांबली नाही. “यंदा आपण कायसुद्धा द्यायचं न्हाय. शिबिर सुरू झालं की शिकवायला जाऊ, भांडी घासू. पण ते सुरू करायचं काम ज्याचं हाय त्यानंच करायचं.”

मी भडकले. माझा स्वभावच तसा. म्हटलं, “आणि यंदाच्या पोरांनी काय करायचं? तुझ्या तत्त्वांची भाकरी खायची?” ती म्हणाली, “त्यांच्यासाठीच म्हणतीय की गं. उद्यापासून मी जाऊन बसते.” विनायक ताडकन उठून गेला, ग्रुपमधूनही गेला, आणि बरीच वर्षं आमच्यात फिरकला नाही.

ती खरंच जाऊन बसली. साठलेली रजा काढली आणि शिक्षण खात्याच्या ऑफिसात, साहेबांच्या खोलीबाहेर जो लाकडी बाक आहे, त्याच्या खिडकीकडच्या टोकाला. घोषणा नाहीत, उपोषण नाही, पेपरवाल्यांना बोलावणं नाही. उलट डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची, ती वेळेवर खायची आणि शिपायालाही द्यायची. सकाळी साहेब आले की उठून एकच प्रश्न, “आदेश निघाला का?” नाही म्हणाले की, “बरं,” आणि परत खाली. मी एकदा तिला चार शब्द सुनवायचे म्हणून तावातावानं गेले, तर तिनं “ये, ये” करून शेजारी बसवलं आणि भाकरीचा तुकडा हातात दिला. तोंडात कडक भाकरी असली की भांडता येत नाही हो. आणि फोनवर तिचं दुसरं काम चालू होतं. निवडलेल्या पोरांच्या शाळांतले मास्तर शोधून काढायचे आणि निरोप द्यायचा… पालकांना सांगा, तुमच्या पोराचा नंबर लागलाय, शिबिर कधी आहे ते खात्याला येऊन विचारा. विनंती करू नका, विचारा.

आणि माणसं यायला लागली. आधी एक, मग तिघं, मग व्हरांडा भरला. धोतरवाले आजोबा, डोईला पदर घेतलेल्या बाया, एक रिक्षावाला, शहरातला एक विणकर, त्याचं मराठी तेलुगूच्या अंगानं जायचं. सगळ्यांचा प्रश्न एकच. साहेब काही वाईट माणूस नव्हता, त्यालाही वर सांगायला काहीतरी हवंच होतं. एवढी माणसं दारात उभी आहेत, हे त्यानं वर सांगितलं आणि आदेश निघाला. शिबिर जूनमध्ये झालं, नेहमीपेक्षा लहान झालं. कूलर नाहीत, आमटी पाणचट, पंखे कुरकुरणारे. समारोपाला एका बाईनं सगळ्यांसमोर साहेबांना सुनावलं, “आमटी लई पातळ हुती बगा. फुडल्या वर्षी डाळ वाढवा.” आम्ही शरमेनं माना खाली घातल्या. महादेवीनं मात्र टाळ्या वाजवल्या… एकटीनंच.

आजही माझं मत आहे की त्या वर्षी ती नशिबानं तरली. मी तिला पुष्कळदा टोकलं, “नसता निघाला आदेश, तर?” एकदा ती वैतागून नाही, शांतपणे म्हणाली, “तर त्या पोरांना मी जन्मभर तोंड दाखवलं नसतं. मला काय झोप लागायची वाटतंय तुला? पण आपण परत दिलं असतं ना सुरे, तर त्यांच्या मागनं येणाऱ्यांना विचारायला जागाच उरली नसती.” या उत्तरानं माझं पूर्ण समाधान झालं असं नाही. पण तिलाही झोप लागत नव्हती हे ऐकून मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं. नंतरच्या वर्षांत आदेश कधी वेळेवर, कधी उशिरा, पण निघत गेला. उशीर झाला की ती बाकावर जायची. ऑफिसात साहेब बदलले, कारकून बदलले, आणि नव्या माणसाला जुना माणूस सांगून जायचा म्हणे, “मे महिन्यात एक बाई येऊन बसतील.”

निवृत्त झाली आणि वर्ष सरायच्या आत दुखणं जडलं. शेवटी शेवटी तिच्या हाताची शीर सापडायची नाही, म्हणून नमुना घ्यायला मीच जायला लागले. एकदा तीनदा टोचूनही रक्त येईना तेव्हा माझेच डोळे भरले. तर म्हणते कशी, “आधी अंदाज, मग माप. तू डायरेक्ट मापायलायस.” असली बाई! रिपोर्ट काय आला ते कधी विचारलं नाही. विचारलं तर मला काय वाटेल, म्हणून नसेल विचारलं. आमची शेवटची भेट झाली त्या दिवशी गौरानं खिडकीला ओला पडदा लावला होता. ती बराच वेळ डोळे मिटून होती. झोपली वाटून मी उठले तर मनगट धरलं. “यंदा आदेश उशिरा निघंल. लक्षण तसंच हाय. तुमी लोक हुशारी करू नका.” मी म्हटलं, “तू आहेस की बसायला.” ती हसली. “व्हय व्हय, हाय की.” एवढंच. मला तिला किती काय सांगायचं होतं… मी पडदा जरा सारखा केला आणि आले.

त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवून नेत नाहीत. कपाळभर विभूती लावून, हार घालून, बसवून नेतात. तशी बसलेली महादेवी पाहिली आणि मला एकदम वाटलं, ही आता विचारेल. ताठ पाठ, मांडीवर हात. गावाकडच्या त्यांच्या रानात, मामांच्या शेजारीच तिला माती दिली. विनायक आला होता. इतक्या वर्षांनी. मुठीतली माती बराच वेळ धरून उभा होता.

पुढचे दिवस कसे गेले सांगता येत नाही. एप्रिल संपत आला आणि तिचा अंदाज खरा ठरला, आदेश निघाला नव्हता. मग विनायकचा फोन आला. आवाज बसलेला. “सुरेखा, मी सगळं बघतो. दोन दिवसांत शिबिर उभं करतो. तिच्या नावानं. महादेवी स्मृती उन्हाळी शिबिर. फ्लेक्स नको, तिला आवडायचे नाहीत. छोटीशी पाटी लावू दारावर.” मला ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं! दारावर तिचं नाव, आत पोरांचा कलकलाट. ग्रुपवर बातमी आधीच फुटली होती आणि सगळ्यांनी होकार भरला होता. मी मान्य केलं असतं तर एकानंही मला बोल लावला नसता. पण ती पाटी डोळ्यांपुढं आली आणि पाटीखाली हात जोडून उभी असलेली माणसं दिसली, आणि माझा तोल गेला. मी फोनवर ओरडलेच, “अरे, तिला जाऊन महिना झाला नाही आणि तू तिच्याच नावानं तिला खोटं पाडायलास!”

पलीकडून विनायक म्हणाला, “मग मी काय करू? मला काहीतरी करायचंय गं तिच्यासाठी.” पंचावन्नच्या पुढचा, कारखानदार माणूस, पोरासारखा रडत होता. मी म्हटलं, “ये आणि बस.” तो म्हणाला, “मला बसता येत नाही. सवय नाही.” मी म्हटलं, “मला तरी कुठं येतंय?”

पुढचं सांगून टाकते. विनायक आला, बसला, आणखी बरीच माणसं आली. आदेश निघाला. हे तुम्ही वाचताय तेव्हा शिबिर सुरू असेल आणि दारावर खात्याचीच जुनी पाटी असेल. पण मला सांगायचंय ते पहिल्या सकाळचं, मी एकटी गेले होते तेव्हाचं. लॅब मुलींवर सोडली, डबा घेतला आणि ऑफिसात गेले. बाक तिथंच होता. साहेब आले. मी उठून उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. जन्मभर लोकांना टोचणारी मी बाई, मला तेवढे तीन शब्द विचारता येईनात. साहेब आत गेले. मी परत बसले. वाटत होतं, यंदा कुणीच आलं नाही तर? पालकांना निरोप द्यायचं काम तिचं असायचं, आमच्यापैकी कुणाला ते सुचलंसुद्धा नव्हतं. शिबिर बुडालं तर ते माझ्या हटवादीपणानं बुडणार होतं, आणि ‘मी म्हटलंच होतं’ असं मी जिला ऐकवलं असतं तीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात एक बाई जिना चढून आली. उन्हानं रापलेली, हातात पिशवी, चपलांवर लाल धूळ. सांगोल्याच्याही आतल्या गावाहून, पहिल्या एसटीनं आलेली. डाळिंबाच्या बागेत कामाला जाते, हे नंतर बोलताना कळलं. ती माझ्यापाशी थांबली नाही. थेट साहेबांच्या दारात उभी राहिली. “साहेब, आमच्या पोरीचा नंबर लागलाय. शिबिर कवा हाय?” साहेब म्हणाले, वर कळवलंय, आदेश यायचाय. “कवा येनार?” ते सांगता येत नाही. “मंग मी बसते,” बाई म्हणाली आणि बाकावर माझ्या शेजारी येऊन टेकली. हात पिशवीवरच होते, एकदाही जुळले नव्हते.

मी विचारलं, “तुम्हाला इथं यायला कुणी सांगितलं हो?”

“सांगायला कशाला पायजे?” तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं. “आमचंच हाय की शिबिर. गेल्या साली भावकीतल्या पोरीचा नंबर लागलता, तिची आई बी आलती हितं.”

तिला महादेवी कोण ते माहीत नव्हतं. नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. तो इतक्या दिवसांचा तुंबारा होता, आवरेना. बाई जरा बावरली. “तुमच्या बी लेकराचं हाय का हितं?”

“नाही. माझी मैत्रीण बसायची इथं. आता नाही ती.”

बाईनं बाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी एका कडेला, अर्धी अधांतरी टेकले होते. खिडकीकडची जागा मोकळीच सोडली होती, आणि हे माझं मलाच कळलं नव्हतं.

“मंग नीट बसा की तितं,” ती म्हणाली. “लई येळ लागंल.”

मी सरकले आणि नीट बसले.